गंजलेल्या रिव्हॉल्व्हरची ओळख आणि जीर्णोद्धाराचा प्रश्न

१. प्रश्नाचे स्वरूप

जमिनीत दीर्घकाळ पडून राहिलेले एखादे लोखंडी शस्त्र हाती आले म्हणजे दोन प्रश्न उपस्थित होतात. ही वस्तू नेमकी कोणती, हा पहिला. आणि तिला तिचे पूर्वरूप द्यावे की आहे त्या स्थितीतच राखावे, हा दुसरा. तर्कदृष्ट्या पहिल्या प्रश्नाचा निकाल आधी लागला पाहिजे. व्यवहारात मात्र बहुधा उलट घडते. गंज दिसताच तो काढून टाकण्याची इच्छा होते, घासणे-पुसणे सुरू होते, आणि वस्तू लखलखू लागते तेव्हा ती कोणाची, कोठली, कोणत्या काळातली हे सांगू शकणारा पुरावा गंजाच्या भुकटीबरोबर केराच्या टोपलीत गेलेला असतो.

भाषेच्या अभ्यासकास हा पेच अपरिचित नाही. झिजलेल्या शिलालेखाची अक्षरे छिन्नीने पुन्हा कोरून ठळक करणारा मनुष्य लेखाचा उद्धार करीत नसून स्वतःचे वाचन दगडावर लादीत असतो. पुढील अभ्यासकाला मूळ अक्षर पाहावयास मिळत नाही. त्याला मिळते ते केवळ आधीच्या वाचकाचे मत. गंजलेल्या शस्त्राचा जीर्णोद्धार हाही याच जातीचा व्यवहार आहे. तो केव्हा समर्थनीय ठरतो व केव्हा नाही, याचा विचार फ्रान्समधील एका प्रसिद्ध उदाहरणाच्या आधारे येथे केला आहे.

२. ओव्हेर येथील शस्त्र

चित्रकार व्हिन्सेंट व्हॅन गॉग हा १८९० च्या मे महिन्यात पॅरिसच्या उत्तरेस असलेल्या ओव्हेर-सुर-वाझ या गावी राहावयास आला. २७ जुलै १८९० रोजी तो गोळीच्या जखमेने घायाळ होऊन राव्हू यांच्या खानावळीतील आपल्या खोलीत परतला आणि २९ जुलै रोजी, वयाच्या ३७ व्या वर्षी, मृत्यू पावला. गोळी शरीरातून बाहेर पडली नव्हती व ती काढण्यातही आली नाही. शस्त्र त्या वेळी सापडले नाही. खानावळवाल्याची कन्या अदेलीन राव्हू, जिचे चित्र व्हॅन गॉगने त्याच जून महिन्यात रंगविले होते, तिने १९५० नंतरच्या दशकात सांगितलेल्या आठवणींत हे रिव्हॉल्व्हर आपल्या पित्याचे असल्याचे म्हटले आहे.

पुढे १९६० च्या सुमारास गावाच्या शिवारात एका शेतकऱ्यास अत्यंत गंजलेले एक रिव्हॉल्व्हर मिळाले. काही वृत्तांतांत या घटनेचे वर्ष १९६५ असे दिले आहे. ते लफोशो पद्धतीचे, ७ मिलिमीटर व्यासाच्या गोळीचे, लहान आकाराचे शस्त्र आहे. २०१६ साली अॅमस्टरडॅम येथील व्हॅन गॉग संग्रहालयाने चित्रकाराच्या आजारपणाविषयीच्या प्रदर्शनात ते मांडले. १९ जून २०१९ रोजी पॅरिसमध्ये त्याचा लिलाव झाला. चाळीस ते साठ हजार युरोंचा अंदाज असताना त्यास १,६२,५०० युरो किंमत आली.

ही किंमत लोखंडाची नव्हे, तशीच ती कारागिरीचीही नव्हे. या पद्धतीची सुस्थितीतील लहान रिव्हॉल्व्हरे युरोपात याच्या अत्यल्प अंशात मिळतात. किंमत दिली गेली ती एका विधानासाठी : 'हेच ते शस्त्र.' सबब हे विधान कशावर उभे आहे, हे पाहणे क्रमप्राप्त होते.

३. नावांविषयी थोडे

वस्तूची ओळख तिच्या नावापासून सुरू होते आणि शस्त्रांच्या बाबतीत नावे बरीच फसवी असतात. मराठीत 'पिस्तूल' व 'काडतूस' हे दोन्ही शब्द पोर्तुगीज भाषेतून आले. 'रिव्हॉल्व्हर' हा शब्द मागाहून इंग्रजीतून आला. काडतुसांची घरे असलेला दंडगोल स्वतःभोवती फिरतो, या वैशिष्ट्यावरून ते नाव पडले. तथापि बोलण्यात रिव्हॉल्व्हरलाही सर्रास पिस्तूल म्हटले जाते. त्यामुळे जुन्या मराठी कागदात 'पिस्तूल' असा उल्लेख आढळल्यास त्यावरून शस्त्राची जात ठरविता येत नाही. भागांची नावे मात्र मराठीत स्पष्ट आहेत : गोळी जिच्यातून सुटते ती नळी, बोटाने ओढावयाचा तो चाप आणि काडतुसावर आघात करणारा तो घोडा.

'लफोशो' या नावाची गोष्ट याहून बोधप्रद आहे. कझिमिर लफोशो या फ्रेंच कारागिराने १८३० नंतरच्या दशकात मागील बाजूने भरावयाच्या बंदुकीची व तिच्या विशिष्ट काडतुसाची पद्धत प्रचारात आणली. त्याचा पुत्र यूजेन याने १८५४ मध्ये त्या पद्धतीच्या रिव्हॉल्व्हरचा हक्क नोंदविला. त्याचे १८५८ चे रिव्हॉल्व्हर फ्रेंच नौदलाने स्वीकारले. धातूचे काडतूस वापरणारे रिव्हॉल्व्हर लष्करी सेवेत घेतले गेल्याचे ते अगदी आरंभीचे उदाहरण होय. त्यानंतर बेल्जममधील लिएझ आणि फ्रान्समधील सेंत-एतिएन येथील असंख्य कारखान्यांनी त्याच पद्धतीची शस्त्रे फार मोठ्या प्रमाणावर तयार केली आणि त्या सर्वांना लोक 'लफोशो'च म्हणू लागले. आपल्याकडे कोणत्याही वनस्पती तुपास 'डालडा' किंवा यंत्राने काढलेल्या कोणत्याही प्रतीस 'झेरॉक्स' म्हणतात, तसाच हा प्रकार. अर्थात् एखाद्या कागदात वा आठवणीत 'लफोशो' हा शब्द येतो तेव्हा तो कर्त्याचा निर्देश करीत नाही, जातीचा करतो. ओव्हेरच्या शस्त्रास लफोशो म्हणताना हा भेद ध्यानी ठेवणे अगत्याचे आहे.

४. गंजातून ओळख कशी पटते

ओळखीच्या कामाचा पहिला नियम शास्त्राचा नसून सुरक्षिततेचा आहे. शस्त्र कितीही जर्जर दिसो, ते भरलेले आहे असेच समजून चालावे. काडतुसाच्या टोपीतील स्फोटक द्रव्य अनेक दशकांनंतरही जिवंत राहू शकते. लफोशो पद्धतीत हा धोका विशेष आहे. त्या काडतुसाच्या कडेतून एक बारीक खिळा बाहेर डोकावत असतो आणि घोडा वरून त्या खिळ्यावर पडतो. म्हणजे काडतुसास अपघाताने लागलेला धक्काही पुरेसा ठरण्याचा संभव असतो. म्हणून ठोकणे, तापविणे, जाम झालेला दंडगोल जोराने फिरविणे या गोष्टी सर्वथा वर्ज्य होत. प्रथम क्ष-किरण छायाचित्र घ्यावे. घरांत काडतुसे आहेत की नाहीत, हे त्यावरून कळते. शिवाय गंजाच्या कवचाखाली धातू किती उरला आहे, याचाही अंदाज येतो.

दुसरी पायरी रचनेची. पृष्ठभाग नष्ट झाला तरी रचना सहसा टिकून राहते. पाहावयाची मुख्य गोष्ट म्हणजे दारू पेटविण्याची योजना. दंडगोलाच्या मागील बाजूस प्रत्येक घरापाशी टोपी बसविण्याची बोंडी असली, तर ते टोपीचे, म्हणजे सुटी दारू व गोळी भरण्याचे शस्त्र. घराच्या मागील कडेला खिळ्यासाठी लहानशी खाच असली व घोड्याचे नाक बोथट असून ते वरून खाली येत असले, तर ते लफोशो पद्धतीचे. या खाचा गंजाने भरल्या तरी क्ष-किरणात बहुधा दिसतात. यावरून कालमर्यादाही मिळते : या पद्धतीचे रिव्हॉल्व्हर १८५४ च्या पूर्वीचे असू शकत नाही. दुसऱ्या टोकाची मर्यादा मात्र इतकी नेमकी नसते, कारण मध्यभागी आघात होणारी काडतुसे प्रचारात आल्यावरही ही स्वस्त खिशातली शस्त्रे पुष्कळ वर्षे विकली जात होती.

मापे घेताना एक सावधगिरी आवश्यक आहे. लोखंडाचा गंज मूळ धातूपेक्षा अधिक जागा व्यापतो. त्यामुळे बाहेरील भाग फुगतात आणि नळीचे छिद्र आकसते. गंजलेल्या नळीत मोजपट्टी घालून काढलेला व्यास विश्वसनीय नसतो. काळ्या दारूच्या अवशेषातील क्षार ओलावा शोषून घेतात, यास्तव न पुसलेली नळी आतून विशेष वेगाने खराब होते. नळीपेक्षा दंडगोलाच्या घरांचे क्ष-किरणावरून घेतलेले माप अधिक भरवशाचे.

तिसरी पायरी चिन्हांची, आणि निर्णायक पुरावा असलाच तर तो येथे असतो. कर्त्याचे नाव, अनुक्रमांक आणि परीक्षण-मुद्रा ही तीन चिन्हे प्रमुख होत. लिएझच्या परीक्षणगृहाची मुद्रा म्हणजे लंबवर्तुळात तीन रोमन अक्षरे व तारा. १८९३ पासून तिच्यावर मुकुट आला. यास्तव मुकुट नसलेली मुद्रा दिसली तर शस्त्र त्या वर्षापूर्वी तपासले गेले, असे म्हणता येते. एवढ्याशा खुणेवर काही दशकांचा निर्णय अवलंबून असतो. ती खूण धातूत खोलवर गेलेली नसते; क्वचित् ती केवळ गंजाच्या थरातच ठसा म्हणून उरलेली असते.

५. दोन शस्त्रांची तुलना

अनुक्रमांकाचे महत्त्व पटण्यासाठी त्याच जातीच्या दुसऱ्या शस्त्राचे उदाहरण घ्यावे. १० जुलै १८७३ रोजी ब्रसेल्स येथे कवी पॉल व्हर्लेन याने आपला मित्र आर्थर रँबो याच्यावर दोन गोळ्या झाडल्या. त्यांपैकी एक रँबोच्या मनगटास लागली. व्हर्लेनला दोन वर्षांची शिक्षा झाली. ते शस्त्रही ७ मिलिमीटरचे लफोशो रिव्हॉल्व्हर होते व त्याच दिवशी सकाळी शहरातील माँतिन्यी या बंदूकविक्रेत्याकडून विकत घेतलेले होते. त्याचा अनुक्रमांक १४०९६ असून तो विक्रेत्याच्या नोंदवहीतील नोंदीशी जुळतो. ३० नोव्हेंबर २०१६ रोजी पॅरिसमधील लिलावात त्यास ४,३४,५०० युरो मिळाले.

दोन्ही शस्त्रे एकाच पद्धतीची, एकाच व्यासाची. दोहोंचा संबंध प्रख्यात व्यक्तींशी. तथापि पुराव्याच्या दृष्टीने त्यांत मूलभूत भेद आहे. ब्रसेल्सच्या शस्त्राची ओळख वस्तूवरील अंक व कागदावरील अंक यांच्या मेळावर उभी आहे. ओव्हेरच्या शस्त्राच्या बाबतीत असा मेळ नाही. तेथे आहे ती अनुमानांची साखळी. शस्त्र घटनास्थळ मानल्या गेलेल्या शिवारात मिळाले. गोळी लहान व्यासाची होती, या वैद्यकीय वर्णनाशी ते जुळते. या काडतुसाची शक्ती अल्प असल्यामुळे गोळी शरीरातच का राहिली, याचाही उलगडा होतो. गंजाच्या अवस्थेवरून ते कित्येक दशके जमिनीत होते, असा निष्कर्ष काढण्यात आला.

यांतील प्रत्येक कडी संभाव्य आहे. एकही कडी अनन्य नाही. अशी शस्त्रे त्या काळी घरोघरी असत व ती हरवतही असत. शोधाच्या वर्षाविषयीच एकवाक्यता नाही, आणि उत्खननाची नोंद न होता वस्तू नांगराखाली मिळाली असल्याने ती मातीच्या कोणत्या थरात होती, हे आता ठरविता येत नाही. शिवाय मूळ घटनेविषयीही मतभेद आहेत. स्टीव्हन नाइफे व ग्रेगरी व्हाइट स्मिथ यांनी २०११ मधील चरित्रग्रंथात गोळी दुसऱ्याच्या हातून लागली असावी, असे प्रतिपादन केले आहे. व्हॅन गॉग संग्रहालयाने मात्र आत्महत्येचाच पक्ष धरला आहे. लिलावापूर्वी राव्हू खानावळीशी संलग्न संस्थेने या अवशेषाचा चित्रकाराच्या मृत्यूशी संबंध सिद्ध नसल्याचे म्हटले होते, आणि लिलाव करणाऱ्यांनीही पूर्ण निश्चितीचा दावा केला नव्हता. 'संभाव्य' आणि 'सिद्ध' यांतील अंतर दीड लाख युरोंनी कमी होत नाही.

६. गंज हाच साक्षीदार

आता दुसऱ्या प्रश्नाकडे वळता येते. ओव्हेरचे शस्त्र घासून, विद्युत्-रासायनिक रीतीने गंज उतरवून, नवी लाकडी मूठ बसवून पूर्ववत् करावे काय? वरील विवेचनावरून उत्तर निघते. या वस्तूच्या ओळखीस आधार देणारी जी मोजकी प्रमाणे आहेत, त्यांपैकी दीर्घकाल जमिनीत असल्याचे प्रमाण सर्वस्वी गंजात आहे. गंज काढला म्हणजे उरेल ते बाजारात शेकड्यांनी मिळणाऱ्या शस्त्रांपैकी एक, तेही क्षीण झालेले. शिवाय उद्या अधिक सूक्ष्म परीक्षणाची साधने आली, तर या विधानाचे मंडन वा खंडन करण्यासाठी तपासावयास काही राहणार नाही. विधान खोटे ठरण्याची शक्यता नाहीशी करणे म्हणजे ते खरे ठरविणे नव्हे.

येथे धातुशास्त्रातील एक गोष्ट समजून घेतली पाहिजे. पुरलेल्या लोखंडी वस्तूचा मूळ पृष्ठभाग बहुधा उरलेल्या धातूच्या पृष्ठभागावर नसतो. तो गंजाच्या थरांच्या आत असतो. बाहेरच्या थरात मातीचे व वाळूचे कण मिसळलेले असतात, आतल्या दाट थरात ते नसतात. आणि या दोहोंच्या सीमेवर वस्तूचे मूळ आकारमान व तिच्यावरील चिन्हे शिल्लक असतात. संरक्षणशाळेतील तज्ज्ञ सूक्ष्मदर्शकाखाली, धारदार पात्याने किंवा बारीक भुकटीच्या झोताने, बाहेरचा थर या सीमेपर्यंतच उतरवितो. अम्लात बुडवून किंवा तारेच्या ब्रशाने घासून चकचकीत धातू उघडा करणारा मनुष्य ही सीमा ओलांडून गेलेला असतो. घरातील पितळी भांडी चिंच-लिंबाने उजळण्याची रीत येथे लागू करणे म्हणजे अक्षरे खरवडून पाटी स्वच्छ करणे होय.

तथापि 'हात लावू नये' याचा अर्थ 'काहीच करू नये' असा नाही. जमिनीतून निघालेल्या लोखंडात क्लोराइडचे क्षार मुरलेले असतात. हवेचा ओलावा मिळताच ते नवा गंज निर्माण करतात, पृष्ठभागावर तांबूस थेंब जमतात, पापुद्रे सुटू लागतात व वस्तू काही वर्षांत भुगा होऊ शकते. शतकभर जमिनीत टिकलेली वस्तू काचेच्या कपाटात नष्ट होते, ती यामुळे. यावर उपाय दोन : अल्कधर्मी द्रावणात दीर्घकाळ ठेवून क्षार काढणे, किंवा हवाबंद पेटीत आर्द्रता शोषणारे द्रव्य ठेवून ती अत्यंत कोरडी राखणे. सापेक्ष आर्द्रता सुमारे पंधरा टक्क्यांच्या खाली ठेवल्यास हा क्षय जवळजवळ थांबतो. पहिल्या उपायात सैल थर सुटण्याचे भय असते. दुसऱ्यात वस्तूस स्पर्श होत नाही, पण दक्षता कायमची ठेवावी लागते.

या धोरणाचे उत्तम उदाहरण अमेरिकेत सापडते. २०१४ च्या नोव्हेंबरात नेवाडा राज्यातील ग्रेट बेसिन राष्ट्रीय उद्यानात एका झाडास टेकवून ठेवलेली १८७३ च्या नमुन्याची विंचेस्टर रायफल मिळाली. तिच्यावरील अनुक्रमांक वाचता आला व ती १८८२ साली तयार झाल्याचे ठरले. क्ष-किरण तपासणीत तिच्या दस्त्यातील पोकळीत एक काडतूस आढळले. संग्रहालयाने भेगाळलेले लाकूड व गंजलेली नळी पूर्ववत् केली नाही. ती आणखी झडणार नाहीत एवढेच पाहिले. वाऱ्यापावसाने झालेला तिचा रंगच तिचा इतिहास सांगतो.

७. निर्णयाची कसोटी

मराठीत जतन, दुरुस्ती व जीर्णोद्धार हे तीन शब्द पुष्कळदा एकमेकांच्या जागी वापरले जातात. प्रस्तुत विषयात ते पृथक् ठेवणे हिताचे. जतन म्हणजे क्षय थांबविणे. दुरुस्ती म्हणजे मोडलेला भाग कार्यक्षम करणे. जीर्णोद्धार म्हणजे गेलेले रूप पुन्हा आणणे. जतन सर्वच वस्तूंचे करावे. उरलेल्या दोहोंबाबत पुढील गोष्टी पाहाव्यात : ओळख पूर्ण झाली आहे काय, पृष्ठभागावर अद्याप न वाचलेला पुरावा आहे काय, धातूचा गाभा शाबूत आहे काय, आणि केलेले काम पुढे उलटविता येईल काय. चिन्हे वाचून नोंदविली आहेत, गंज वरवरचा आहे, प्राप्तिस्थळाशी कोणताही प्रश्न निगडित नाही आणि तशी शस्त्रे विपुल आहेत, अशा स्थितीत शिक्षणासाठी वा प्रदर्शनासाठी मर्यादित जीर्णोद्धारास हरकत नसावी. नवा घातलेला भाग मात्र नवा म्हणून ओळखू आला पाहिजे. संपादक आपली पूर्ती कंसात दाखवितो तसाच. चालविण्याच्या हेतूने केलेली दुरुस्ती मात्र कोणत्याही गंजलेल्या शस्त्राबाबत त्याज्य होय, कारण आतून खाल्लेल्या धातूचे बळ डोळ्यांनी जोखता येत नाही.

भारतात याला कायद्याचीही बाजू आहे. शस्त्र अधिनियम १९५९ च्या कलम ४५ मध्ये, कालबाह्य नमुन्याची, पुराणवस्तू म्हणून मूल्य असलेली किंवा नादुरुस्त अशी जी शस्त्रे दुरुस्तीनेही वापरण्याजोगी होत नाहीत, त्यांना सूट आहे. म्हणजे येथे निर्णायक आहे ती शस्त्राची अक्षमता, केवळ वय नव्हे. दुरुस्ती करून ते कार्यक्षम करणारा हौशी मनुष्य स्वतःच ही सूट गमावतो. शेतात, विहिरीत वा जुन्या वाड्याच्या भिंतीत असे शस्त्र मिळाल्यास ते न हलविता पोलिसांना कळविणे, हाच योग्य मार्ग.

तज्ज्ञ येईपर्यंत सापडणाऱ्याने करावयाचे काम थोडे आहे, पण त्याचे मोल मोठे आहे. वस्तू कोठे, किती खोलीवर, कोणत्या दिशेस तोंड करून होती, भोवती आणखी काय होते, कोणत्या तारखेस कोणी पाहिली, हे त्याच दिवशी लिहून ठेवावे व जागेवरच छायाचित्र घ्यावे. ओव्हेरच्या शेतात असे चार ओळींचे टिपण झाले असते, तर त्या शस्त्राविषयीचा आजचा वाद बराचसा मिटला असता, किंवा निदान तो कोणत्या मुद्द्यावर घालावयाचा, हे तरी निश्चित झाले असते.